पालक-प्रशिक्षणात मोजमाप नेमकं कधी करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: एक विशेष शिक्षिका प्रबंधासाठी ३ ते ६ वर्षांच्या स्वमग्न मुलांच्या आई-वडिलांचं १२ आठवड्यांचं प्रशिक्षण घेणार आहेत. दर शनिवारी दोन तास. मुलाने हात ओढून किंवा रडून नव्हे, तर बोट दाखवून, चित्र देऊन किंवा शब्दाने वस्तू मागावी, यासाठी घरी काय करायचं ते पालकांना शिकवायचं. पूर्वचाचणी पहिल्या शनिवारी, उत्तरचाचणी बाराव्या. मार्गदर्शक म्हणतात, एवढ्याने भागणार नाही, तिसरी चाचणी लावा. बाई विचारतात: ती कुठे लावू? आणि पालकांची नि मुलांची चाचणी एकाच दिवशी उरकली तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही चालणार. पहिल्या प्रश्नाबद्दल म्हणाल तर तिसऱ्या चाचणीच्या आधी तुमच्या पहिल्या दोन्ही चाचण्यांच्याच तारखा चुकल्यात, असं माझं मत आहे. गेली वीस-बावीस वर्षं मी हेच काम करते आणि यातली जवळजवळ प्रत्येक चूक स्वतः केलेली आहे, तेव्हा राग मानू नका.

तुमच्या कार्यक्रमात तीन गोष्टी हलणार आहेत, आणि तिन्हींचा वेग वेगळा आहे. पालकांना कळणं ही पहिली. ते त्याच संध्याकाळी होतं. ‘मूल रडायला लागल्यावर वस्तू दिली तर आपण रडणं शिकवतो’ हे वाक्य आईला दोन तासांत पाठ होतं. दुसरी गोष्ट म्हणजे पालकांनी ते करणं. कुकरची शिट्टी होते आहे, सासूबाई म्हणताहेत ‘दे गं त्याला, कशाला रडवतेस’, आणि अशा वेळी पाच सेकंद थांबून मुलाच्या मागण्याची वाट बघायची. हे हातात बसायला माझ्या अनुभवात दोन ते चार आठवडे जातात, आणि तेही कुणी घरी येऊन बघितलं, दुरुस्त केलं तर. तिसरी गोष्ट मुलाचं वागणं. ते आईचं वागणं बदलल्यानंतरच बदलणार, म्हणजे आणखी पुढे. बाराव्या शनिवारी तिन्ही एकदम मोजलंत तर पहिली पिकून गळून पडलेली असेल, दुसरी पिकत असेल आणि तिसरी नुकती मोहरलेली असेल. मग प्रबंधात लिहाल, ‘पालकांच्या ज्ञानात लक्षणीय वाढ, मुलांच्या वर्तनात लक्षणीय फरक नाही.’ तो निष्कर्ष तुमच्या कॅलेंडरचा असेल, प्रशिक्षणाचा नव्हे.

यात एक चौथा खेळाडू असतो: मोठ्या श्रेणी, म्हणजे प्रमाणित मोजपट्ट्या. तुम्ही व्हीएसएमएस, म्हणजे मूल वयाच्या मानाने रोजच्या व्यवहारात किती स्वावलंबी आहे हे मोजणारी व्हाइनलँड श्रेणी, वापरणार असं लिहिलंय. मालिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी रूपांतर केलेली ही श्रेणी आपल्याकडे घरोघरी, म्हणजे क्लिनिकोक्लिनिकी आहे, चांगलीही आहे. पण १२ आठवड्यांच्या अंतराने ती लावून काय मिळेल ते कागदावर करून बघा. मूल ४८ महिन्यांचं, श्रेणीवर आलेलं सामाजिक वय २४ महिने, म्हणजे गुणांक (सामाजिक वय भागिले खरं वय, गुणिले शंभर) ५०. बारा आठवडे सोडा, अगदी सहा महिन्यांनी बघू. मूल ५४ महिन्यांचं झालं आणि सामाजिक वय २७ महिने झालं. पोरगं तीन महिन्यांनी पुढे सरकलं, आता स्वतः चप्पल घालतं, ग्लास धरून पाणी पितं. गुणांक? २७ भागिले ५४, गुणिले शंभर, पुन्हा ५०. आई रिपोर्ट बघून म्हणते, काहीच फरक नाही का हो मॅडम? गुणांकात छेदही वाढत असतो हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून अशा श्रेणी सहा महिन्यांच्या आत पुन्हा लावू नका, शक्यतो वर्षाने लावा, आणि लावल्याच तर गुणांकाबरोबर सामाजिक वयही छापा. आयएसएए या स्वमग्नता मोजणाऱ्या भारतीय श्रेणीची ४० विधानं तर प्रामुख्याने स्वमग्नता आहे का आणि किती तीव्र आहे हे ठरवायला, दिव्यांगत्व प्रमाणपत्राच्या कामासाठी आहेत. दर महिन्याला आयएसएए भरून घेणाऱ्या संस्था मी पाहिल्यात. मागवलेला डबा गरम आहे का बघायला घराचं लाइटबिल तपासण्यासारखं आहे ते.

आता पूर्वचाचणी. पहिला शनिवार हा मोजायला सगळ्यात वाईट दिवस. जागा नवी, मूल दाराशीच लोळण घेतंय, आई एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हाताने फॉर्म भरतेय, बाबा गाडी लावायला गेलेत ते अजून आलेले नाहीत. त्या दिवशीचा आकडा हा त्या दिवसाचा आकडा. शिवाय तो एकच.

एका आईची वही माझ्या डोळ्यांसमोर आहे. साडेचार वर्षांचा मुलगा, शब्द नाहीत, हवं ते मिळवायला आईचं मनगट धरून ओढत न्यायचा. तिला मी एकच काम दिलं: संध्याकाळी ५ ते ७, प्रत्येक ओढण्याला एक रेघ. आकाशी रंगाची दोनशे पानी वही, मागच्या बाजूला दुधाचा हिशोब. सोमवारी ११ रेघा, मंगळवारी १४, बुधवारी ९, गुरुवारी ३, शुक्रवारी १२. गुरुवारी तीनच का? विचारल्यावर कळलं, आत्या आली होती. तिने मागायच्या आधीच सगळं हातात दिलं. समजा मी फक्त गुरुवारी मोजलं असतं आणि तीन महिन्यांनी एखाद्या साध्या दिवशी ६ आले असते. त्या आईने ओढणं निम्म्यावर आणलं, आणि माझ्या तक्त्यात ते दुप्पट झालेलं दिसलं असतं.

म्हणून बेसलाइन, म्हणजे प्रशिक्षणाआधीची मूळ पातळी, एका दिवसात मिळत नाही. किमान तीन नोंदी, शक्यतो पाच, वेगवेगळ्या दिवशी पण त्याच वेळेत आणि त्याच प्रसंगात. शैक्षणिक संशोधनाची प्रत तपासणाऱ्या अमेरिकेतल्या ‘व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउस’च्या निकषांनीही एकल-रुग्ण, म्हणजे एकेका मुलाची त्याच्याशीच तुलना करणाऱ्या, अभ्यासांत प्रत्येक टप्प्याला पाच नोंदी पूर्ण मान्यतेच्या आणि तीन नोंदी ‘चालवून घेऊ’ अशा धरल्या होत्या. पण संख्येपेक्षा दिशा महत्त्वाची. पाच दिवसांत ओढणं आपोआप कमी होत चाललं असेल तर थांबा, प्रशिक्षण सुरू करू नका. सुरू केलंत तर उतार आधीपासूनच होता की तुमच्यामुळे आला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. नोंदी सपाट असतील किंवा बिघडत असतील तर खुशाल सुरुवात करा.

नोंदी घेणं हेच जर शिकवण्यासारखं होत असेल, किंवा मुलाला पुनःपुन्हा अपयश येऊन ते चिडत असेल, तर रोज मोजायची गरज नाही. हॉर्नर आणि बेअर या संशोधकांनी १९७८ साली यावर ‘मल्टिपल प्रोब’ सुचवलं: सलग मोजण्याऐवजी मधूनमधून, ठरवून घेतलेल्या चाचण्या. वस्तू मागण्यासारख्या कौशल्यात मूल बेसलाइनला शून्यावरच असतं. तिथे रोज दहादा शून्य लिहून आईचा धीर का खचवायचा?

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. नावनोंदणीच्या वेळी, एप्रिलमध्ये, मूल्यमापन करतात आणि प्रशिक्षण सुरू होतं जूनच्या मध्यावर, शाळा उघडल्यावर. मधले दोन महिने मूल काही गोठून बसलेलं नसतं. आजोळी गेलं, मामेभावंडांत खेळलं, चार शब्द घेऊन आलं. ते चारही शब्द तुमच्या प्रशिक्षणाच्या खात्यात जमा होतात. याची उलटी बाजूही आहे. पालक आपल्याकडे येतात ते सगळं हाताबाहेर गेलेलं असताना. सगळ्यात वाईट आठवड्यात मोजलेला आकडा पुढच्या आठवड्यात काहीही न करता जरा बरा येतोच. दोन्हींवर उपाय एकच: बेसलाइन प्रशिक्षणाला चिकटून, त्याच्या लगतच्या दोन आठवड्यांत घ्या. नावनोंदणीची चाचणी निदानासाठी ठेवा, तुलनेसाठी नको.

तुमच्याकडे नऊ कुटुंबं आहेत. सगळ्यांना एकाच शनिवारी सुरू करायची काय सक्ती आहे? तीन-तीनचे गट करा. पहिला गट एका आठवड्याच्या बेसलाइननंतर, दुसरा तीन आठवड्यांनी, तिसरा पाच आठवड्यांनी. पहिल्या गटात बदल दिसला आणि त्याच वेळी थांबलेल्या दोन गटांत दिसला नाही, तर श्रेय प्रशिक्षणाचं. मल्टिपल बेसलाइनची ही कल्पना बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांच्या १९६८च्या लेखातच आहे. नियंत्रित गटाला, म्हणजे फक्त तुलनेसाठी ठेवलेल्या कुटुंबांना, कायमचं वंचित ठेवण्याचा नैतिक पेचही सुटतो, कारण प्रत्येकाला प्रशिक्षण मिळतं, फक्त काहींना महिनाभर उशिरा. हॉलच्या तारखांची ओढाताण होते हे कबूल.

आता मधल्या मोजमापाकडे. ‘सहाव्या शनिवारी मध्यचाचणी’ असं पुष्कळ प्रबंधांत असतं, का सहाव्या ते कुणी लिहीत नाही. त्याऐवजी रोजच्या दहा मिनिटांची छोटी नोंद पूर्ण १२ आठवडे चालू ठेवा. कारण असं की पालकांनी रडण्याला दाद देणं बंद केलं की काही मुलांत पहिल्या काही दिवसांत रडणं वाढतं. प्रत्येक मुलात नाही. लर्मन आणि इवाटा यांनी १९९५ साली ११३ नोंदसंच तपासले, तेव्हा असा भडका साधारण चौथ्या भागातच दिसला, आणि निव्वळ दुर्लक्षाच्या जोडीला दुसरा उपाय असला की त्याहून कमी. पण ज्या घरात तो येतो त्या घरात नेमकी त्याच दिवसांत एकमेव मध्यचाचणी पडली तर तुम्ही, पालक आणि मार्गदर्शक तिघेही घाबरता आणि कार्यक्रम बदलून टाकता. रोजची नोंद असली की तो डोंगर दिसतो आणि त्याचा उतारही दिसतो. आईला तो कागदावर दाखवता येतो, हे तर फारच मोलाचं.

नोंद दिवसातल्या कोणत्या वेळी घ्यायची तेही ठरवून टाका. बिस्किट मागायला शिकवल्यावर लगेच बिस्किटावरच चाचणी घेऊ नका. पोट भरलेलं असतं, आणि नुकत्याच दिलेल्या मदतीचा, बोट धरून दाखवल्याचा असर अजून ताजा असतो. चाचणी दुसऱ्या दिवशी, शिकवणं सुरू करण्याच्या आधी. ताप येऊन गेल्यावर तीन दिवस नको. आणि डॉक्टरांनी मध्येच औषध सुरू केलं किंवा डोस बदलला तर त्या तारखेला आलेखावर उभी रेघ मारा. औषधाचा परिणाम आपल्या नावावर लागलेला मी पाहिलाय, आणि आपलं यश औषधाच्या नावावर गेलेलंही.

आता बारावा शनिवार. सुरुवातीच्या वर्षांतला माझा एक किस्सा सांगते. सहा आठवड्यांचं प्रशिक्षण होतं, शेवटच्या दिवशी उत्तरचाचणी. आया हुशार, दहापैकी नऊ, दहापैकी दहा. भूमिका करून दाखवायला सांगितलं तर मीही इतकं नीट केलं नसतं. सामोसे आले, फोटो निघाले, अहवालात मी ‘प्रभावी’ हा शब्द तीनदा लिहिला. चार महिन्यांनी त्यातल्या एकीकडे सहज गेले. फ्रिजवर आमचा चित्रांचा तक्ता होता, गॅसच्या पावतीखाली. मुलगा आला, आईचा पदर धरला, ओढत ओट्याशी नेलं. तिने न बघता डबा उघडून चकली हातात दिली आणि मला म्हणाली, ‘मॅडम, तेव्हा तुम्ही दर आठवड्याला विचारायचात ना, म्हणून व्हायचं.’

शेवटच्या दिवशीची चाचणी हे मोजत होती: कुणीतरी दर आठवड्याला विचारतंय तोवर काय होतं. तीही माहिती उपयोगाची आहे, टाकाऊ नाही, पण तिला परिणाम म्हणू नये. स्टोक्स आणि बेअर यांनी १९७७ साली या सवयीला एक नाव दिलं होतं, त्याचा मराठी अर्थ ‘शिकवा आणि आशा करा’. टिकणं आणि पसरणं आपोआप होईल असं धरून चालायचं आणि ते तपासायचंच नाही.

तेव्हा पालकांच्या ज्ञानाची चाचणी बाराव्या शनिवारी घ्या, हरकत नाही. पालक प्रत्यक्ष काय करतात याची नोंद मात्र प्रशिक्षण संपल्यावर दोन ते तीन आठवड्यांनी, घरी, रोजच्या प्रसंगात. मुलाच्या वागण्याची त्याच भेटीत एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा. सहा महिन्यांनीही जमलं तर सोन्याहून पिवळं. प्रत्येक वेळी तोच प्रसंग, तीच वेळ, तितक्याच नोंदी: बेसलाइनला पाच दिवस मोजलं असेल तर तीन महिन्यांनीही एका भेटीवर भागवू नका, तिथेही किमान तीन दिवस. त्यातला एक शिकवलेला नसलेल्या जागी ठेवा. आजीच्या घरी, बागेत, वाण्याच्या दुकानात. घरात ‘पाणी’ मागणारं मूल दुकानात गप्प राहिलं, तर ते तुम्हाला उत्तरचाचणीतून कधीच कळलं नसतं.

या नंतरच्या मोजमापात, म्हणजे फॉलो-अपमध्ये, दोन खड्डे आहेत. एक, त्याच दिवशी उजळणीचं सेशनही ठेवतात, आणि उजळणी आधी, मोजमाप नंतर. ‘सगळे जमलेच आहेत तर’ या हिशोबाने. मोजमाप आधी झालंच पाहिजे. दोन, आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर आठवण: ‘उद्या आम्ही येतोय, तक्ता तयार ठेवा.’ की फ्रिजवरचा तक्ता पुसून समोर येतो, मुलाची रात्री दहा वाजता तालीम होते. लपूनछपून मोजा असं मी मुळीच म्हणत नाही, ते अनैतिक आहे. सुरुवातीच्याच संमतिपत्रात लिहून घ्या की डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कोणत्याही संध्याकाळी येऊ, निघताना फोन करू. एवढं पुरतं.

सण विसरू नका. १५ जूनच्या आसपास सुरू केलंत तर बारा आठवडे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतात. गणपती ऑगस्टअखेर असोत की सप्टेंबरात, तुमची उत्तरचाचणी त्यांच्या मागेपुढेच येणार. कोकणातली कुटुंबं तेव्हा गावाला. उरलेल्या घरांत पाहुणे, ढोल, झोपेचा पत्ता नाही, आणि प्रसादाचा मोदक मागायच्या आत हातात. महिन्याभराचं फॉलो-अप नवरात्रात, दोन महिन्यांचं दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास. म्हणून मी तीन महिन्यांचा आग्रह धरतेय, डिसेंबर त्यातल्या त्यात शांत असतो.

पालकांनी स्वतःला गुण द्यायची तुमची प्रश्नावली आहे, तिच्याबद्दल सावध करते. ‘मी मुलाला मागण्याची संधी देते’ या विधानाला पहिल्या दिवशी आया सर्रास ५ पैकी ४ देतात. बाराव्या आठवड्यात त्याच आया ३ देतात. त्या बिघडल्या का? नाही, संधी देणं म्हणजे काय हे आत्ता कळलंय. मोजपट्टीच बदलली. जॉर्ज हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली यावर लिहिलं आणि सुचवलं की शेवटी दोन गुण एकदम घ्यावेत: आजचे, आणि ‘आता मागे वळून बघता तेव्हाचे किती?’ मी दोन्ही घेते. पण या मागे वळून दिलेल्या गुणांत मॅडमना बरं वाटावं म्हणून ‘तेव्हा’ला मुद्दाम खाली ढकलणंही असतं, विशेषतः चहा-सामोसे झाल्यावर. तेव्हा या आकड्यांवर निष्कर्षाची इमारत बांधू नका. मोजमापाच्या वेळी घेतलेल्या व्हिडिओवर बांधा.

व्हिडिओ तपासणाऱ्याला तो आधीचा की नंतरचा हे कळता कामा नये. फायलींची नावं बदला, तारखा काढा, क्रम मिसळा आणि सगळे व्हिडिओ शेवटी एकत्र तपासायला द्या. जूनचे जूनमध्ये आणि डिसेंबरचे डिसेंबरमध्ये तपासले तर तपासणाऱ्याचे निकषही सहा महिन्यांत सरकतात. किमान पाचव्या हिश्श्याच्या नोंदी दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे तपासाव्यात आणि जुळणी ८० टक्क्यांच्या वर असावी. हे सगळं करूनही आमचा एकदा पचका झाला. तपासणारी मुलगी म्हणाली, ‘हा नंतरचा आहे ना?’ कसं कळलं विचारलं तर खिडकीत आकाशकंदील लटकत होता. तेव्हापासून शूटिंग खिडकीकडे पाठ करून.

राहिला सबमिशनचा मुद्दा. तुम्ही लिहिलंय की विद्यापीठाची मुदत नोव्हेंबरअखेर आहे, तीन महिन्यांचं फॉलो-अप डिसेंबरात जातं आणि गट उशिरा सुरू केले तर आणखी पुढे. मग प्रशिक्षण आठ आठवड्यांचं करा. तुमच्या बारा सत्रांचा आराखडा मी वाचला, त्यातली ‘स्वमग्नतेचा इतिहास’ आणि ‘शासकीय योजना’ ही दोन सत्रं एका छापील पत्रकात मावतात आणि आणखी चार जोडीजोडीने एकमेकांत विरघळतात. गट तीनऐवजी दोन करा, दुसरा दोनच आठवडे मागे. बेसलाइन मेच्या शेवटच्या आठवड्यात, मुलं आजोळहून परत आल्यावर. पहिला गट जूनच्या पहिल्या शनिवारी सुरू, जुलैअखेर संपला, घरभेटी ऑगस्टच्या मध्यावर, तीन महिन्यांचं फॉलो-अप ऑक्टोबरअखेर. दुसऱ्या गटाचं सगळं याच्या दोन आठवडे मागून, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. या सुमारास दिवाळी येते, तेव्हा त्या वर्षीचं पंचांग आधी बघा आणि फॉलो-अपचे तीन दिवस सुट्टीला आठवडा असताना किंवा शाळा उघडून आठवडा झाल्यावर बसवा. मार्गदर्शकांना आठ आठवडे कमी वाटले तर त्यांना व्हीएसएमएसचं वरचं गणित दाखवा आणि ती श्रेणी तुलनेतून काढून टाकायची परवानगीही त्याच बैठकीत मागून घ्या.